ओकच्या खांबाची मागची बाजू

आमच्या शाळेतल्या मुलांना घेऊन मी बेक हॉलमध्ये गेले तेव्हा तिथला लोकरीचा बाजार जवळजवळ उठला होता. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये वीस-पंचवीस म्हातारे हॅट घालून उभे होते आणि त्यांच्या बोलण्याचा आवाज छतापर्यंत जाऊन परत येत होता. मी मुलांना वरची काच दाखवत होते. एका मुलीचं लक्ष मात्र खालीच होतं.

"मिस, ते दोन आजोबा एकाच खांबाला का टेकलेत? बाकीचे खांब रिकामे आहेत की."

तिचं बरोबर होतं. ओकच्या खांबाला पुढून क्लेमंट रशवर्थ टेकून उभे होते आणि मागून सीरिल टॉरडॉफ. दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना. मध्येच क्लेमंट मान न वळवता काहीतरी बोलायचे आणि सीरिल मान न वळवता हसायचे.

सीरिल हीटनमध्ये आमच्याच ओळीत, दोन घरं सोडून राहायचे. त्यांची बायको आयव्ही हिच्या स्वयंपाकघरात मी पुष्कळ संध्याकाळी घालवल्या आहेत. पुढे जे सांगते आहे त्यातलं बरंचसं तिच्याकडून कळलं, काही सीरिलकडून. क्लेमंटची बाजू मला त्यांनी स्वतः सांगितली, चॅपेलच्या चहापानाला, बशीतला केक संपेपर्यंत.

ब्रॅडफर्डमध्ये ओढ्याला बेक म्हणतात. गावातला ओढा केव्हाच फरशीखाली गेला आणि त्याच्यावरच हा हॉल उभा राहिला. लोकरीच्या व्यापाऱ्यांनी तो बांधला तेव्हा त्यांच्याकडे पैसा नवा होता. घरात साध्या लाकडी खुर्च्या वापरणाऱ्या या माणसांनी हॉलला मात्र टोकदार कमानी दिल्या, कोपऱ्यावर मनोरा चढवला आणि दरवाज्यावर मेंढ्यांची दगडी मुंडकी बसवली. पिवळसर दगड गिरण्यांच्या धुराने पन्नास वर्षांत काळाठिक्कर झाला. बाहेरून बघणाऱ्याला आत अंधार असेल असं वाटायचं. आत पाऊल टाकलं की डोळे दिपायचे, कारण छताचा उत्तरेकडचा सगळा उतार काचेचा होता. ऊन कधी आत यायचं नाही, नुसता स्वच्छ, थंड उजेड यायचा. लोकरीचा रंग त्याच उजेडात कळतो. त्या काचेवर सावली पडू नये म्हणून मनोरासुद्धा दक्षिणेच्या कोपऱ्यावर होता.

खाली गुलाबी ग्रॅनाइटच्या खांबांच्या दोन रांगा होत्या, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. खांब गुळगुळीत, सगळे सारखे. फरक फक्त माथ्यावर. कोरणाऱ्याने प्रत्येक खांबाच्या माथ्याला वेगळं पान दिलं होतं: ओक, द्राक्ष, फर्न, आयव्हीची वेल, काटेरी हॉली. व्यापाऱ्यांचे पत्ते त्यावरूनच. 'टॉरडॉफ, फर्नचा खांब' असं म्हटलं की पुरे. बाजार सोमवारी आणि गुरुवारी भरायचा. विकणारा आपल्या खांबाला पाठ टेकून उभा राहायचा, घेणारा हिंडायचा. तुम्ही एखाद्याच्या खांबासमोर जाऊन थांबलात, की तुम्ही त्याच्याकडून माल घ्यायला आलात असंच धरलं जायचं. मग नमुना न बघता निघून जाणं वाईट दिसे. दुसऱ्याच्या खांबाला पाठ टेकणं तर कोणाच्या मनातही येत नसे. तसं करणं म्हणजे दुसऱ्याच्या दुकानात शिरून त्याच्या गल्ल्यावर बसण्यासारखं होतं.

फर्नचा खांब सीरिलला वडिलांकडून आला. ते छोटे व्यापारी. कच्ची लोकर घ्यायची, दुसऱ्याच्या कारखान्यात विंचरून तिचे पेळू करून घ्यायचे आणि ते सूत काढणाऱ्या गिरण्यांना विकायचे. खांब पश्चिमेच्या रांगेत शेवटचा. त्याच्या पायाशी जमिनीत लोखंडी जाळी होती आणि त्या जाळीतून खालच्या बेकचा आवाज यायचा, पावसात जरा जास्तच. वडिलांच्या आणि मुलाच्या पाठीने ग्रॅनाइटवर एक जागा इतकी चकचकीत झाली होती, की तिच्यात समोरच्या माणसाची हॅट दिसायची.

समोर पूर्वेच्या रांगेत, शेवटून दुसऱ्या, ओकच्या खांबाला क्लेमंट रशवर्थ. दोघं एका शाळेत शिकलेले, एका वयाचे. पण युद्ध संपलं त्याच्या पुढच्या वर्षी क्लेमंट एका गिऱ्हाइकाला सगळ्यांदेखत म्हणाला होता, "टॉरडॉफचा माल पिवळट आहे, जरा जपून." सीरिलनी हॉलच्या या टोकापासून त्या टोकाला ऐकू जाईल असं उत्तर दिलं होतं, "रशवर्थ, डोळे तपासून घे!" हॉल हसला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. बारा वर्षं ते आठवड्यातून दोनदा समोरासमोर उभे राहिले आणि एकमेकांच्या डोक्यावरून छताकडे बघत राहिले.

आणि त्यातच, नवव्या वर्षी, डोळे गेले ते सीरिलचे.

एकदम नाही. समोर बघितलं की मधोमध एक करडा डाग, कडेकडेने मात्र दिसायचं, तेही नुसते आकार. रस्ता दिसायचा, माणसाचा चेहरा नाही. डॉक्टरांनी सांगितलं, याच्यावर इलाज नाही, पण ठार आंधळे होणार नाही. सीरिल घरी आले आणि आयव्हीला म्हणाले, "चालता येईल, धडपडणार नाही. फक्त लोकर दिसणार नाही."

"मग काय करायचं?"

"कुणाला सांगायचं नाही."

लोकर हाताला कळते. तंतू किती बारीक, किती लांब, किती लवचिक, हे सीरिलची बोटं झोपेतही सांगू शकली असती. पण रंग हाताला कळत नाही, आणि ज्याला रंग दिसत नाही त्याच्याकडून पेळू कोण घेणार? त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी निम्मे तरी फिक्या रंगाचं सूत काढणारे होते. त्यांचं सगळं रंगावर. त्यामुळे सीरिलपुढे प्रश्न सरळ होता: गोष्ट फुटली की धंदा गेला.

आयव्हीने वाट काढली. नमुने निळ्या कागदात बांधतात, कारण निळ्यावर पांढऱ्याचा कस लागतो. ती बाजाराच्या आदल्या दिवशी समोरच्या खोलीच्या खिडकीशी बसायची, कागद उलगडायची आणि रंग सांगायची. ती बेकरीवाल्याची मुलगी. तिचे रंग तिकडचेच.

"हा दुधासारखा. हा मळलेल्या पिठासारखा. आणि हा सीरिल, अगदी कस्टर्ड आहे रे, हा कोणाला देऊ नकोस."

मग ती पुडीच्या दोरीला गाठी मारायची. पांढऱ्याला एक, सायीच्या रंगाला दोन, पिवळटाला तीन. सीरिल खिशात हात घालून गाठ चाचपायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, "बघा, कसा नितळ आहे." तीन वर्षं असं चाललं. हॉलमध्ये चुकायला काही वावच नव्हता. दरवाज्यातून आत यायचं, पश्चिमेची रांग धरायची, जाळीचा आवाज आला की वळायचं आणि पाठ टेकायची. बाकी जे काही व्हायचं ते चालत त्यांच्याकडे यायचं. आंधळ्या माणसासाठी यापेक्षा सोयीची इमारत कोणी मुद्दाम बांधायची म्हटली तरी जमली नसती.

अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात छप्पर गळायला लागलं.

काचांच्या शिशाच्या पट्ट्या झिजल्या होत्या. दुरुस्तीसाठी पश्चिमेची अर्धी बाजू बंद करायची आणि तिकडच्या लोकांना पूर्वेच्या रांगेत जागा द्यायच्या असं ठरलं. हॉलचे शिपाई मिस्टर सग्डेन उंच हॅट घालून प्रत्येकाला जागा सांगत फिरले.

"मिस्टर टॉरडॉफ, तुम्हाला हॉलीचा खांब. पूर्वेचा शेवटचा. तिथेही जाळी आहे बरं का, तुम्हाला घरच्यासारखं वाटेल."

"सग्डेन, तुम्ही फार विचार करता हो माझा."

"कोणीतरी करायला हवा. आयव्हीबाईंना वेळ कुठे असतो!"

शनिवारी हॉल रिकामा असताना सीरिल जाऊन हॉलीचा खांब बघून आले. म्हणजे हात लावून आले. जाळीशी उभे राहिले, बेक ऐकला आणि निश्चिंत होऊन घरी परतले. आयव्ही म्हणाली, "मी येऊ का सोमवारी तुझ्याबरोबर? बाहेर थांबेन." सीरिल म्हणाले, "माझ्या आईनेसुद्धा मला शाळेच्या दारापर्यंत सोडलं नाही."

सोमवारी पाऊस होता. कामगारांनी पश्चिमेच्या काचेवर ताडपत्री टाकली होती, त्यामुळे हॉलमध्ये नेहमीचा उजेड नव्हता. फरशीवर चुना सांडू नये म्हणून सगळीकडे काथ्याच्या जाड चटया अंथरल्या होत्या. चटया जाळीवरूनही गेल्या होत्या. खालचा बेक पार मुका झाला होता. आणि पूर्वेच्या रांगेत एका खांबाशी वरून पाणी ठिबकत होतं, म्हणून सग्डेननी तिथे कपडे धुण्याचा जस्ताचा टब आणून ठेवला होता.

सीरिल आत आले, पूर्वेची रांग धरली आणि पाण्याचा आवाज आला तिथे वळले. पाठ टेकली. हॅट सारखी केली.

तो ओकचा खांब होता. क्लेमंट रशवर्थ त्या वेळी हॉलच्या दुसऱ्या टोकाला सग्डेनशी त्या टबावरूनच भांडत होता.

बोलणं थांबलं की गर्दीच्या जागेत ते लगेच कळतं. सीरिल सांगायचे, "आधी मला वाटलं कोणीतरी मेलं. मग वाटलं, बातमी काय ती मलाच सांगत नाहीयेत." आजूबाजूचे लोक आपापल्या खांबांवरून बघत होते. टॉरडॉफ बारा वर्षांनंतर हॉल ओलांडून आला आणि रशवर्थच्या खांबाला पाठ लावून उभा राहिला. एवढा उघड अपमान त्या हॉलने पाहिला नव्हता.

पावलं जवळ आली आणि थांबली.

"टॉरडॉफ," क्लेमंटचा आवाज आला, "खांब विकत घेतलास का?"

आपण कुठे उभे आहोत ते सीरिलना त्या आवाजावरून कळलं. आता दोनच रस्ते होते. चूक झाली म्हणायचं, तर पुढचा प्रश्न ठरलेला: ओकची पानं आणि हॉलीची पानं यात फरक दिसला नाही का? नाहीतर अपमान करायलाच आलो म्हणायचं. त्यांनी तिसराच रस्ता धरला. पाठ खांबापासून काढली, चार पावलं पुढे आले आणि वळून खांबाकडे तोंड करून उभे राहिले, जसा घेणारा उभा राहतो तसे.

"तू नव्हतास, म्हणून वाट बघत होतो. माल घ्यायला आलोय."

"तू? माझ्याकडून?"

"का, विकत नाहीस की काय हल्ली?"

शेजारच्या द्राक्षाच्या खांबावरून कोणीतरी म्हणालं, "देऊन टाक, क्लेम! पुन्हा यायला अजून बारा वर्षं लागतील त्याला." लोक हसले. हॉलमधलं बोलणं पुन्हा सुरू झालं, पण हळू. सगळ्यांचे कान इकडेच होते.

क्लेमंट आपल्या जागी गेला, पाठ टेकली आणि खिशातून एक पुडी काढून सीरिलच्या हातात दिली. सीरिलनी कागद उलगडला. दोरीला अर्थातच गाठी नव्हत्या. त्यांनी पेळूचा तुकडा ओढला, बोटांत धरला, दोन्ही हातांनी ताणून तोडला.

"तंतू चांगला आहे. जरा राठ, पण लांब. प्रतीचा आकडा पन्नासच्या आसपास."

"बरोबर. आणि रंग?"

सीरिलनी कागद त्या अंधुक उजेडाकडे धरला, डोकं तिरपं केलं, जसं ते नेहमी करायचे.

"नितळ," ते म्हणाले. "पांढरा. तुझ्या मानाने फारच पांढरा."

मला चहापानाच्या वेळी क्लेमंट म्हणाले होते, "बाई, मी त्याचा चेहरा बघत होतो. थट्टा करणाऱ्या माणसाचा चेहरा तसा नसतो. माझी खात्री होईना, म्हणून मी पुन्हा कागदाकडे बघितलं. पेळू होता वेल्सच्या काळ्या मेंढीचा. कडक कॉफीसारखा तपकिरी!"

क्लेमंटने झटकन ती पुडी सीरिलच्या हातातून घेतली, शेजारच्या माणसाची मान वळायच्या आत कागद बंद केला आणि खिशात टाकला.

"बरोबर आहे," तो मोठ्याने म्हणाला. "भावाचं जेवताना बोलू. खाली ये. आणि चटयांवरून पाय जपून टाक, माझासुद्धा अडकला मघाशी." मग आवाज न चढवता, "माझ्या डाव्या हाताला धरून चाल. धरल्यासारखं दिसू देऊ नकोस."

हॉलच्या तळघरात खानावळ होती. तिथे क्लेमंटने दोघांसाठी मटणाचा रस्सा आणि पुदिना घातलेले वाटाणे मागवले आणि सीरिलचा चमचा त्याच्या हाताशी सरकवला.

"ती लोकर तपकिरी होती," तो म्हणाला.

सीरिलनी चमचा हातात घेतला.

"किती दिवस झाले?"

"तीन वर्षं."

"आणि माल कोण बघतं?"

"आयव्ही."

"आयव्ही!" क्लेमंटने चमचा खाली ठेवला. "म्हणजे गेली तीन वर्षं मी एका बेकरीवाल्याच्या मुलीच्या हातून गिऱ्हाइकं घालवतोय?"

"तिची नजर चांगली आहे."

"दिसतंच आहे ते." त्याने पुन्हा चमचा उचलला. मग क्लेमंट म्हणाला, "सेहेचाळीस साली तू मला काय म्हणाला होतास आठवतं?"

"आठवतं."

"मी गेलो होतो, माहीत आहे? दुसऱ्याच दिवशी. डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाला, ठणठणीत आहेत. तुझा माल पिवळटच होता, सीरिल."

"थोडासा."

"थोडासा! तीन गाठींचा होता म्हण." सीरिलनी त्याला एवढ्यात गाठींचंही सांगून टाकलं होतं.

मग मात्र क्लेमंटचा सूर बदलला. "हे बघ. मी कोणाला सांगणार नाही. पण माझ्यासमोर तू उद्या तुझ्या त्या फिकं सूत काढणाऱ्या ऑग्डनला 'बघा कसा नितळ आहे' म्हणालास आणि मी ऐकून गप्प बसलो, तर मीही त्यात आलो. रंगाच्या बाबतीत मी माझ्या बापासाठी खोटं बोललो नाही. तुझ्यासाठी तर मुळीच बोलणार नाही. गुरुवारी तूच सांग त्यांना."

"सांगितलं की संपलं."

"संपेल कदाचित."

"तुला काय जातंय बोलायला?"

"मला मिळेलच काहीतरी, तुझी गिऱ्हाइकं येतील माझ्याकडे," क्लेमंट म्हणाला. "म्हणूनच मी सांगणं बरं दिसत नाही."

सीरिल चिडून घरी आले. आयव्हीने मला सांगितलं, त्यांनी कोटसुद्धा काढला नाही, तसेच खुर्चीत बसले. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "क्लेमंट रशवर्थ शहाणपणाचं बोलला! सीरिल, तू नक्की त्याच्याच खांबाशी गेला होतास ना?"

"आयव्ही, थट्टा नको. खायचं काय मग आपण?"

"माझा भाऊ बेकरीत केव्हाही घेईल मला."

"साठीला आलीस तू."

"पिठाला काय कळतंय माझं वय." मग ती त्यांच्याजवळ येऊन बसली. "मला झोप लागत नाही रे बाजाराच्या आदल्या रात्री. एखादी गाठ चुकली तर? तीन वर्षं मी हेच करते आहे. तुला हे सांगितलं नव्हतं."

ते सीरिलना खरोखर माहीत नव्हतं. त्यांच्या डोक्यात कायम आपले डोळे होते. तिचे डोळे थकत असतील हा विचार त्यांना शिवलाच नव्हता. माझ्या मते त्यांनी निर्णय घेतला तो त्या खुर्चीत, क्लेमंटच्या बोलण्यामुळे नव्हे.

गुरुवारी आयव्ही त्यांच्याबरोबर हॉलच्या पायऱ्यांपर्यंत गेली आणि मेंढ्यांच्या मुंडक्यांखाली छत्री घेऊन उभी राहिली. आत सग्डेननी सीरिलना हॉलीच्या खांबापर्यंत नेलं. सीरिलनी त्यांना आधी सांगितलं, म्हणजे तोंडाला सवय होईल. सग्डेन म्हणाले, "अरे देवा. आणि मी तुम्हाला 'नवी टोपी कशी दिसते' विचारत होतो!"

पहिले आले शिपलीचे ऑग्डन. फिकं सूत काढणारे, लहान मुलांच्या शाली आणि लग्नाचे कपडे यांसाठी. सीरिलकडून सगळ्यात जास्त माल तेच न्यायचे. त्यांनी पुडी हातात घेतली आणि सीरिल म्हणाले, "मिस्टर ऑग्डन, एक सांगायचं आहे. मला रंग दिसत नाही. तीन वर्षं दिसत नाही. माझी बायको बघते आणि मला सांगते. तुम्हाला आजवर चुकीचा माल गेलेला नाही, पण तुम्हाला हे माहीत असायला हवं होतं."

ऑग्डन सभ्य गृहस्थ. त्यांनी हॅट काढली, वाईट वाटलं म्हणाले, बायकोची चौकशी केली. "तुमच्या मालाबद्दल माझी तक्रार नाही, टॉरडॉफ. पण माझं सगळं रंगावर आहे हो." पुडी परत देऊन ते ओकच्या खांबाकडे गेले. क्लेमंटने त्यांना माल दाखवला. मोठ्याने बोलला नाही, आणि नेहमीसारखा विनोदही केला नाही.

आणखी दोघे तसेच गेले. एक जण न बोलताच गेला. सीरिलना तो कोण होता हे कळलंसुद्धा नाही.

मग कीथलीचा नेलर आला. नेलर म्हणजे आडदांड माणूस, बूट चिखलाने भरलेले, आवाज गिरणीतल्या यंत्रावर चढवायची सवय असलेला. त्याने गाठींसकट सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"रंग दिसत नाही?"

"नाही."

"आणि हाताला कळतं ना, बारीक किती, लांब किती?"

"ते कळतं."

"मग मला कशाला सांगतोयस, गड्या? माझ्या सुताचं नौदलाच्या गणवेशाचं कापड होतं. माझ्याकडे सगळं शेवटी गडद निळं होतं! तू मला पांढरं दे, पिवळं दे, हिरवं दे, रंगाऱ्याच्या पिंपात गेलं की सगळी भावंडं." तो एवढ्या मोठ्याने हसला की ताडपत्रीवर काम करणारे कामगार खाली डोकावले. "आण, दाखव काय आहे. आणि तुझ्या त्या तीन गाठीवाल्या पुड्या आधी दाखव, त्या स्वस्त असतील!"

त्या दिवसापासून सीरिलचा धंदा निम्मा झाला आणि निम्माच राहिला. काळं, निळं, चॉकलेटी सूत काढणारे त्यांच्याकडे येत. फिकं काढणारे येत नसत. आयव्हीने गाठी मारणं बंद केलं. तिने बेकरीत काही दिवस काम केलं, नंतर घरीच केक करून विकायला लागली. त्यांचं भागलं. श्रीमंती आधीही नव्हती.

वसंतात छताचं काम पुरं झालं. ताडपत्री निघाली, चटया उचलल्या आणि पश्चिमेचे लोक आपापल्या खांबांकडे परतले. फर्नचा खांब सीरिलची वाट बघत होता. पण निम्म्या धंद्यावर खांबाची वार्षिक वर्गणी परवडेना. तो एका तरुण व्यापाऱ्याला देऊन टाकायचा आणि हॉल सोडायचा असं त्यांनी ठरवलं. सग्डेनकडून ही बातमी ओकच्या खांबापर्यंत गेली.

क्लेमंट हॉल ओलांडून फर्नच्या खांबाशी आला. विकणारा आपली जागा सोडून आला म्हणून लोक बघायला लागले.

"ऐक," तो म्हणाला. "खांब गोल असतो. माझ्या खांबाची पुढची बाजू मी वापरतो, मागची बाजू नुसतीच पडून आहे. वर्गणी मी भरतोच आहे. मागून उभा राहा."

"उपकार नकोत मला."

"उपकार कसले? नेलर तुझ्याकडे येताना माझ्यावरून येईल. आज ना उद्या त्याला गडद निळ्याचा कंटाळा येईलच."

"आणि मध्येच एखादा फिकं सूत काढणारा माणूस माझ्याकडे आला तर?"

"तर पुडी मागे न बघता माझ्याकडे दे. रंग मी सांगेन. मोठ्याने, त्याच्यासमोर. खरा असेल तो. भाव मात्र मला विचारू नकोस. भावाच्या बाबतीत मी खोटं बोलतो."

सीरिल दुसऱ्या सोमवारी ओकच्या खांबाच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले. आमच्या वर्गातल्या मुलीने त्यांना पाहिलं तेव्हा त्यांना तिथे उभं राहून दहा-बारा वर्षं झाली होती.

तिचा प्रश्न मी सीरिलनाच विचारायला लावला. ती धीट मुलगी पुढे झाली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्हाला स्वतःचा खांब नाही का?"

"होता. त्या तिकडे, शेवटचा. वर फर्नची पानं आहेत बघ."

मुलीने मान वर केली. "आणि याच्यावर?"

"ओकची, असं म्हणतात. मी कधी पाहिली नाहीत. हे मागचे गृहस्थ सांगतात."

"ओकचीच आहेत," क्लेमंट पलीकडून म्हणाले. "आणि एका पानामागे खार आहे. पण त्याला सांगू नकोस. बारा वर्षं मी ती त्याच्यापासून लपवून ठेवली आहे."

पुढच्या वर्षीच्या थंडीत क्लेमंट वारले. गुरुवारी सीरिल हॉलमध्ये आले तेव्हा सग्डेन दारातच त्यांची वाट बघत होते. त्यांनी सीरिलचा हात धरला आणि न विचारताच ओकच्या खांबाच्या पुढच्या बाजूला नेऊन उभं केलं. क्लेमंटची वर्गणी वर्षभराची भरलेली होती आणि त्यांच्या मुलाने सांगून ठेवलं होतं, की जागा टॉरडॉफना द्यावी.

सीरिलनी मागे हात नेऊन ग्रॅनाइट चाचपला. तिथे क्लेमंटच्या पाठीने झालेली गुळगुळीत जागा होती, त्यांच्या खांद्याच्या चांगली वीतभर वर.

"उंच होता फार," ते म्हणाले, आणि वळसा घालून मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

नेलर आला, माल घेऊन गेला. त्याच्यानंतर शिपलीचे ऑग्डन आले, सांत्वन करायला. ते आता थकले होते, व्यवसाय मुलाकडे गेला होता. निघताना सवयीने त्यांनी सीरिलच्या हातातली पुडी उलगडली. सीरिलनीही सवयीने पुडी घेऊन मागे क्लेमंटकडे देण्यासाठी हात पुढे केला, मग तो तसाच खाली आणला.

"मिस्टर ऑग्डन, आज रंग तुम्हीच सांगा."

ऑग्डननी कागद काचेखाली नीट धरला.

"साय," ते म्हणाले. "चांगली, ताजी साय."

संध्याकाळी सीरिलनी आयव्हीला ते सांगितलं. ती केकला वरून साखर लावत होती. "बेकरीतला शब्द आहे तो," ती म्हणाली. "इतकी वर्षं लागली ऑग्डनला तो शिकायला."